रॅम २५०० चा लिफ्ट पंप : मूळचाच टाकू की मोठा बसवू? (जाणत्यांनी सांगा)

रानवाटा

मंडळी, गाड्यांच्या विभागात पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. पोराला शेळ्यांचा नाद लागला म्हणून चार एकर रान घेतलं आणि रान घेतलं म्हणून तीन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या रँचरकडून २००१ ची रॅम २५०० पिकअप घेतली. कमिन्सचं ५.९ लिटर २४ व्हॉल्व डिझेल इंजिन, हाताचे गियर, १ लाख ८२ हजार मैल झालेत. शेळ्यांची ट्रेलर, गवताचे गठ्ठे आणि वर्षातून एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीची मखर, पडदे, मोठी पातेली असं सगळं हीच ओढते. तीन वर्षांत तक्रार नाही. म्हणजे मला वाटत होतं की नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या एका डिझेलवाल्याने बोनट उघडून बघितलं आणि विचारलं, फ्यूएल प्रेशरचा गेज कुठंय तुझा? मी म्हटलं, तो काय डॅशवर, अर्धी टाकी दाखवतोय. तो हसला नाही, तिथंच माझ्या पोटात गोळा आला. त्याच्याकडचा गेज लावून बघितला तर आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) ९ पीएसआय, मोकळी गाडी ६० च्या स्पीडला ६, आणि शेळ्या भरून ऑस्टिनच्या पुढच्या चढांवर गेलो तर काटा २ वर येऊन थरथरत बसला. आणि गाडी मात्र मख्खासारखी चाललीय! धूर नाही, लाइट नाही, एखाद्या वेळी चढावर थोडी दमल्यासारखी वाटते इतकंच.

तो म्हणतो लिफ्ट पंप मेलाय, आता त्याच्या मागनं इंजेक्शन पंप जाणार. तो इंजेक्शन पंप म्हणजे बॉशचा व्हीपी४४, रिबिल्ट घ्यायचा तर मला हजाराच्या वर डॉलर सांगतायत, मजुरी वेगळी. मूळचा लिफ्ट पंप दीड-दोनशेत येतो, चेसीसवर बसवायचा मोठा पंप फिल्टरसकट सातशेच्या आसपास. काय करू? आणि मुळात दोन पंप कशाला लागतात हेच मला नीट कळलेलं नाही, कुणी मराठीत सांगेल का.

---

उंटावरचा_शहाणा

वाचतोय. आमच्याकडं पिकअप म्हटलं की बोलेरो, त्यात टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि पोलिसाकडं बघून हसायचं, एवढंच ज्ञान. पीएसआय आम्ही फक्त टायरात बघतो.

---

पंपनोझल_साताराकर

रानवाटा दादा, आमचं पंप-नोझलचं काम, वडलांपासून. तुमच्या देशातली ही गाडी मी हातात धरली नाही पण पंप बॉशचाच आहे आणि डिझेलची जात सगळीकडं एकच, म्हणून बोलतो.

दोन पंप का? तुम्ही ज्याला लिफ्ट पंप म्हणता त्याला आम्ही फीड पंप म्हणतो. त्याचं काम पाणक्याचं. टाकीतून डिझेल उचलायचं आणि मेन पंपाच्या दारात नेऊन ओतायचं, बस. प्रेशर करून नोझलला पाठवायचं काम मेन पंपाचं.

आता मेन पंपात दोन जाती. इनलाइन पंप असतो त्याच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइल मिळतं, त्यामुळं त्याला डिझेल थोडं कमी पडलं तरी तो मरत नाही, गाडी ओढत नाही एवढंच. जुन्या टाटाच्या ट्रकवर तेच पंप होते, तीस तीस वर्षं चाललेले मी बघितलेत. रोटरी पंपाचं तसं नाही. त्याला ऑइल वेगळं नाही, आत जे डिझेल फिरतं तेच त्याचं ऑइल आणि तेच त्याचं पाणी, म्हणजे थंड करायला. तुमचा व्हीपी४४ रोटरी, वर त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक डबी, तीपण डिझेलवरच गार राहते. म्हणजे फीड पंप कमी पडला की पंप उपाशी नाही, कोरडा चालतो. उपाशी माणूस ओरडतो तरी.

गाडी चालतीय कशी म्हणाल तर रोटरीच्या पोटात स्वतःचा छोटा व्हेन पंप असतो, तो टाकीपासून ओढून घेतो कसंबसं. तेच घातक आहे. बंद पडली असती तर तुम्ही महिन्यात गॅरेजला नेली असती.

---

अर्धवट_मेकॅनिक

साताराकर, दंडवत घ्या, इंग्रजीत शंभर पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते तुम्ही चार ओळीत सांगितलं.

मी मिशिगनमध्ये, माझ्याकडे २००२ ची रॅम, तीच भानगड, व्हीपी४४ एकदा बदलून झालाय त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो 😀

रानवाटा, थोडा इतिहास. १९९८ च्या मध्यापर्यंत या ट्रकमध्ये १२ व्हॉल्वचं इंजिन होतं, त्यावर बॉशचा पी७१०० इनलाइन पंप (साताराकर म्हणतायत ती पहिली जात) आणि लिफ्ट पंप मेकॅनिकल, कॅमशाफ्टवर चालणारा, त्यामुळे तो सहसा त्रास द्यायचा नाही. मग धुराचे नियम कडक झाले, २४ व्हॉल्व आलं, इलेक्ट्रॉनिक व्हीपी४४ आला आणि कॅमशाफ्टवरचा लिफ्ट पंप जाऊन त्याजागी बारीकसा इलेक्ट्रिक पंप आला. आणि तो बसवला कुठं? इंजिनच्या ब्लॉकवर, फिल्टरच्या शेजारी. आता असा पंप ढकलण्यात वाघ असतो पण ओढण्यात शेळी (तुमच्या शेळ्यांची माफी मागून). टाकी मागे, पंप पुढे आणि उंचावर, मधे लांबच लांब बारीक नळी, वर इंजिनची उष्णता आणि थरथर. ओढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे, समुद्रसपाटीला १४.७ पीएसआयच्या वर कुणाचा बाप ओढू शकत नाही, ढकलायला तशी मर्यादा नाही. म्हणजे खोटा पंप नाही, जागा खोटी. तुम्ही मूळचाच पंप नवा टाकलात तर तो नवा असताना छान चालेल आणि मग त्याच जागी त्याच कारणाने झिजेल.

आकडे लिहून ठेवा. व्हीपी४४ च्या ओव्हरफ्लो व्हॉल्वची कळ साधारण १४ पीएसआयला उघडते. ती उघडली की जादा डिझेल पंपातून फिरून, त्याला गार करून टाकीत परत जातं. म्हणजे आयडलला आणि मोकळ्या रस्त्यावर १४-१५ च्या वर हवं आणि पूर्ण ॲक्सिलेटर दाबून ट्रेलर ओढताना काही झालं तरी १० च्या खाली नको. वरच्या बाजूला २० च्या पुढे नेऊ नका, सुरू व्हायला कुरकुर करते. तुमचा २ हा आकडा वाचून मला घाम फुटला.

बिघाडाचे कोड काढलात का, गाडीचा कंप्युटर देतो ते? पी०२१६ आला असेल तर उशीर झाला, तो टायमिंगचा कोड, आतला पिस्टन झिजला की येतो. पी०२१६ नसेल तर तुमचं नशीब, आजच ट्रेलर सोडा आणि गाडी उभी करा.

---

रानवाटा

किल्ली तीनदा ऑन-ऑफ करून ओडोमीटरवर कोड बघितले, पी०२१६ नाही. देवाला नारळ.

गाडी उभी केलीय. बायको म्हणाली, शेळ्यांना आता उबर बोलवणार का.

---

मिनेसोटाची_मावशी

माझ्याकडे २००६ ची शेवरोले सिल्व्हराडो पिकअप, ड्यूरामॅक्स डिझेल इंजिनवाली. तुम्ही लिफ्ट पंप मेला म्हणून रडताय, आमच्यात तो दिलेलाच नव्हता! २००१ पासून २०१६ पर्यंतच्या ड्यूरामॅक्सना कंपनीचा लिफ्ट पंपच नाही, हाय प्रेशर पंपाच्या पाठीला गियरचा छोटा पंप असतो तोच टाकीपासून सगळं ओढतो. २०१७ ला कुठे टाकीत इलेक्ट्रिक पंप आला.

म्हणजे आमची सगळी लाइन व्हॅक्यूममध्ये. आणि व्हॅक्यूममधली गळती फार कपटी असते बरं का, डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. खाली पुठ्ठा टाकून बघितलं तर कोरडा ठणठणीत आणि गाडी सकाळी दहा वेळा फिरवल्याशिवाय सुरू होत नाही. माझी हवा फिल्टरच्या डोक्यावरच्या हँड प्राइमरच्या (हाताने डिझेल भरायचा दट्ट्या) ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कडीतून, जात होती, दोन डॉलरची रिंग, महिना घालवला. शेवटी चेसीसवर लिफ्ट पंप लावला तेव्हापासून सकाळी सुखात.

एक सांगते, तुम्हाला टेक्ससमध्ये लागणार नाही पण मिशिगनवाल्यांनी ऐका. मोठा पंप लावताना लोक इंजिनजवळचा मूळचा फिल्टर काढून टाकतात कारण नव्याबरोबर फिल्टर येतातच. त्या मूळच्या डबीत हीटर असतो. उणे २५ ला डिझेलचं मेण होऊन चेसीसवरचा उघडा फिल्टर आधी बुजतो, आणि त्यात पाणी साचलेलं असेल तर बर्फाचा गोळा. थंडीच्या गावात मूळची डबी ठेवा, पाणी वेळेवर सोडा आणि हिवाळी डिझेल भरा. हे मी अनुभवाने सांगतेय, शाळेच्या पार्किंगमध्ये हेअर ड्रायर घेऊन बसले होते.

---

उंटावरचा_शहाणा

हेअर ड्रायरची वायर शाळेच्या आत कुणाच्या वर्गातून काढलीत ते सांगा आधी.

---

मिनेसोटाची_मावशी

इथे पार्किंगमध्ये ब्लॉक हीटरसाठी प्लग असतात रे बाबा. सगळ्याच ठिकाणी नाही, पण आमच्या शाळेत होते.

---

खर्चाचं_गणित

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. मूळचा पंप दीडशे डॉलर. गेज लावा शंभरचा. काटा १० च्या खाली आला की पंप बदला, दोन वर्षांनी बदलला तरी सातशे व्हायला आठ-नऊ वर्षं लागतात, तोवर गाडी तरी राहील का? नुसती मोठी मोठी नावं बघून पैसे उडवायची अमेरिकन सवय आपल्यालाही लागलीय. मोठ्या पंपांचे ब्रँड, फॅस काय, एअरडॉग काय, टेक्ससच्या ट्रकवर स्टिकर लावायला बरे.

आणि हो, टाकीत बसणारा पंपसुद्धा मिळतो या गाड्यांना, रिट्रोफिट (मागाहून बसवायचा) म्हणून येतो. आवाज नाही, ओढायची कटकट नाही.

---

अर्धवट_मेकॅनिक

गेजचं तुमचं शंभर टक्के बरोबर आणि ते मी सगळ्यात आधी म्हणायला हवं होतं. पंप कुठलाही लावा, गेज नसेल तर तुम्ही आंधळे. माझा पहिला व्हीपी४४ गेला तेव्हा गेज नव्हता, आता आहे आणि गाडी चालवताना बायकोपेक्षा जास्त त्याच्याकडे बघतो.

बाकी पटत नाही. दीडशेच्या पंपाबरोबर तो बदलायचा शनिवार पण मोजा, आणि तो कधी मरेल ते तो पत्र पाठवून कळवत नाही. तुम्ही हायवेवर ट्रेलर घेऊन असता तेव्हा काटा पडतो, मग काय करता, बाजूला थांबून कुरियरची वाट बघता?

टाकीतल्या रिट्रोफिटचं, लोकांच्या गेजवर मी ७ च्या आसपास बघितलंय. फ्लो असेलही पण १४ ची कळ उघडायला ७ ने कशी उघडेल? शिवाय तो गेला की टाकी उतरवा.

---

खर्चाचं_गणित

कळीचा मुद्दा मान्य. स्टिकरचा मुद्दा मागे घेत नाही.

---

रानवाटा

मोठाच बसवायचं ठरतंय हळूहळू. पण एक शंका, बावळट वाटली तर हसून सोडून द्या. ट्रेलर लावून मला गॅलनला १२ मैल मिळतात. ताशी ६० ने गेलो तर तासाला ५ गॅलन जळतं. मग हे लोक ९५ गॅलन, १५० गॅलन ताशी असे पंप कशाला विकतायत? ९५ गॅलन म्हणजे ३६० लिटर, आमच्या गावाकडं तेवढ्यावर अर्धी वाडी पाणी भरते.

---

पंपनोझल_साताराकर

बावळट नाही, हाच प्रश्न आमच्याकडं शिकाऊ पोरगं पहिल्या आठवड्यात विचारतं. जळतं ते थोडं, फिरतं ते जास्त. पंपात जाणाऱ्यातलं बरंचसं परत टाकीत येतं, ते पंपाला गार करून, ऑइल पाजून येतं. रिटर्न लाइन उगाच दिलेली नाही. आणि त्या पेटीवर लिहिलेला आकडा मोकळ्या तोंडाचा असतो, पुढं अडथळा आणि प्रेशर आलं की निम्म्याच्या आत येतो.

तुमचे नोझल मूळचे आहेत ना? इंजिनला काही चावी मारलेली नाही ना? मग लहानातला लहानच घ्या.

---

अर्धवट_मेकॅनिक

+१. मूळच्या इंजिनला ९५-१०० वाला पुरे. १६५ वगैरे मोठ्या इंजेक्टरवाल्यांसाठी.

पंपापेक्षा जास्त महत्त्वाच्या चार गोष्टी सांगतो ज्या पेटीवर लिहिलेल्या नसतात.

नळी : मूळच्या लाइनमधले बँजो बोल्ट (पोकळ बोल्ट, त्यातूनच डिझेल जातं) काढून फेका. त्यांचं भोक बघितलंत तर स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तसं आहे. टाकीपासून व्हीपी४४ पर्यंत अर्धा इंच नळी, कोपरे कमीत कमी.

वायर : हे नीट ऐका. मूळच्या पंपाला करंट थेट ईसीएममधून (इंजिनचा कंप्युटर) जातो. मोठा पंप त्याच वायरवर जोडला तर ईसीएम जळेल आणि मग व्हीपी४४ चा खर्च तुम्हाला स्वस्त वाटेल. करंट बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेतून घ्या, ईसीएमची वायर फक्त रिलेला इशारा द्यायला. अर्थिंग चेसीसच्या रंगावर करू नका, बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

गेज : व्हीपी४४ च्या तोंडाशी मोजा, पंपाच्या तोंडाशी नाही, मधे किती मेलं तेच तर बघायचंय. सेन्सर थेट लावू नका, इंजेक्शन पंपाचे ठोके उलटे येतात आणि सेन्सरला महिन्या-दोन महिन्यांत मारतात, मधे छोटा नीडल व्हॉल्व किंवा थोडी रबरी नळी टाका. आणि मेकॅनिकल गेज असेल तर डिझेलची नळी केबिनमध्ये आणू नका प्लीज.

टाकी : मूळच्या टाकीतल्या टोपलीतून मोठ्या पंपाने ओढलं तर पाव टाकीच्या खाली हवा ओढतो, हा रोग सगळ्यांना माहितेय. दोन उपाय, टाकीच्या तळाला भोक पाडून सम्प (खालची वाटी) बसवायचा नाहीतर वरून वेगळी उचल नळी सोडायची. सम्पमध्ये शेवटच्या थेंबापर्यंत डिझेल मिळतं, पण तळाचं पाणीही आधी तिथंच जमतं आणि दगड लागायची भीती.

---

रानवाटा

माझ्या रानात रस्ता म्हणजे दगडच आहेत, मधेमधे रस्ता आहे. वरून नळी.

पंप मागवला. नाव लिहीत नाही नाहीतर धागा दोन गटात फुटेल. शनिवारी मंडळातले तिघं येतायत, त्यांना सांगितलंय की मिसळ आहे. डिझेलचं सांगितलेलं नाही.

---

रानवाटा (आठ दिवसांनी)

वृत्तांत.

टाकी खाली उतरवायच्या ऐवजी ट्रकचा बेडच (मागचा हौदा) उचलला. बोल्ट गंजलेले, एक तुटला, पण एकदा बेड बाजूला झाला की टाकीचं तोंड असं समोर येतं की टाकी उतरवणाऱ्यांची कीव येते. बेड उचलायला चौघं लागले आणि त्यातले दोघं आयटीवाले, त्यांनी उचलण्याआधी रिस्क वगैरे शब्द वापरले.

टाकीच्या झाकणाभोवतीची तीन वर्षांची (म्हणजे वीस वर्षांची) माती आधी ब्रशने आणि हवेने साफ केली, नाहीतर झाकण उघडल्याबरोबर सगळी आत. उचल नळीचं टोक तिरकं कापलं आणि तळाला टेकणार नाही अशी अर्धा-पाऊण इंच वर ठेवली. पंप ड्रायव्हरच्या बाजूच्या चेसीसवर, आतल्या अंगाला. मूळचा पंप ब्लॉकवरून काढला, त्याची जागा इतकी अडचणीची की माझ्या मनगटावर अजून खूण आहे. हातात घेतल्यावर एवढासा, ह्याच्या जिवावर अख्खं इंजिन!

वायरिंग रिलेने केलं, साताराकर आणि अर्धवट दोघांची शपथ घेऊन. मग किल्ली स्टार्टला नुसती टिचकी मारून सोडली, इंजिन फिरू दिलं नाही, की पंप २५ सेकंद एकटाच चालतो, असं तीन-चार वेळा करून लाइन भरली.

सुरू झाली. आयडलला १५! सगळ्यांनी गणपती बाप्पा मोरया केलं. मिसळ खाल्ली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारा-पंधरा सेकंद स्टार्टर मारावा लागला. सुरू झाल्यावर काटा १५ आणि ९ च्या मधे नाचतोय. बाहेर एक थेंब गळती नाही, सगळे जोड कोरडे, टिश्यू पेपर लावून बघितले. आता?

---

मिनेसोटाची_मावशी

पुठ्ठा कोरडा, गाडी सकाळी रुसलेली. मी वर काय लिहिलंय ते परत वाच बाळा.

---

पंपनोझल_साताराकर

एअर धरतीय. पंपाच्या पुढं गळती असती तर डिझेल उडालं असतं, थेंब नाही म्हणजे पंपाच्या मागं, टाकी ते पंप. आमची जुनी युक्ती, पंपाच्या ओढीच्या बाजूला हातभर पारदर्शक नळी जोडा, तपासण्यापुरतीच, आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे दिसले की मागं सरकत जा, ज्या जोडाच्या अलीकडं बुडबुडा आणि पलीकडं नाही तोच चोर.

तोवर जोडांवर डिझेल ब्रशने लावून बघा, एअर ओढणाऱ्या जागी डिझेल आत खेचलं जातं आणि काटा क्षणभर शांत होतो. टेफ्लॉन टेप कुठं गुंडाळलीय का, खरं सांगा.

---

रानवाटा

...एका ठिकाणी. ओ-रिंगच्या जोडावर. मला वाटलं दोन्ही असेल तर डबल पक्कं.

---

पंपनोझल_साताराकर

😀 आमच्याकडं पण टेपवाले लई. अहो ओ-रिंग बसायला धातूला धातू टेकावा लागतो, तुम्ही मधे टेपची गादी घातली. वर टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो पंपाच्या जाळीत अडकणार. काढा सगळी, साफ करा, ओ-रिंग नवी टाका, तिला डिझेलचं बोट लावा आणि हाताने बसवून मग पाना लावा.

---

खर्चाचं_गणित

टेप : १ डॉलर. 😀

---

रानवाटा

सापडलं! टेप होतीच पण त्याखाली ओ-रिंग कापली गेली होती, अर्धचंद्रासारखी. माझ्याच हातानं, पाना जोरात मारून. नवी टाकली. पारदर्शक नळीत आधी सोडा वॉटर होतं, आता स्वच्छ.

काल शेळ्या भरून त्याच चढावर गेलो. आयडलला १६, मोकळ्या रस्त्यावर १५, चढावर पूर्ण दाबून १३ च्या खाली गेला नाही. ते दमल्यासारखं वाटायचं तेही गेलं, का मला वाटतंय म्हणून गेलं माहीत नाही. पंपाचा आवाज मात्र आहे, किल्ली फिरवली की मागे जुना फ्रीज लावल्यासारखा गुरगुरतो. बायकोने विचारलं, बंद कुठून करायचा.

आता पुढचा प्रश्न. इथले जुने डिझेलवाले टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालतात, शंभराला एक अशा हिशोबाने, म्हणे आताच्या डिझेलमध्ये सल्फर नाही म्हणून पंप झिजतो. खरं का?

---

अर्धवट_मेकॅनिक

अर्धं खरं. सल्फर २००६ पासून १५ पीपीएमवर आणलं हे खरं, तुमचा ट्रक जन्मला तेव्हा ५०० चं डिझेल होतं. पण डिझेलचा वंगणपणा सल्फर स्वतः देत नाही, सल्फर काढायच्या प्रक्रियेत बाकीची चिकट मंडळी पण जातात. ते भरून काढायला रिफायनरी-टर्मिनलवर ॲडिटिव्ह घालतात आणि वंगणपणाची कमीत कमी मर्यादा स्टँडर्डमध्येच आहे. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी डिझेलसाठी बनवलेलं ॲडिटिव्ह घालावं. मी घालतो, झोप येते.

---

पंपनोझल_साताराकर

इथं बीएस-६ आल्यापासून, एप्रिल २०२० पासून, सल्फर १० वर आलंय. तेव्हा सगळे म्हणाले आता पंपांची रांग लागणार. माझ्या टेबलावर येणारे पंप बघाल तर पाण्याने गंजलेले आणि घाणीने ओरखडलेले जास्त, गुळगुळीत डिझेलने झिजलेले क्वचित. ऑइल घालण्यापेक्षा फिल्टर वेळेवर बदला. आमचे पिकअपवाले टायरला पाच हजार घालतात आणि फिल्टर म्हटलं की पुढच्या ट्रिपला बघू.

---

उंटावरचा_शहाणा

हे वाचून मी आमच्या बोलेरोचा फिल्टर कधी बदलला ते ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, कुठला?

---

पंपनोझल_साताराकर

साताऱ्याला घेऊन या. चहा माझ्याकडं.

रानवाटा, तुम्ही गाडीखालचा फोटो टाकलाय तो आत्ता मोठा करून बघितला. पंपाकडून पुढं येणारा होज ड्राइव्हशाफ्टच्या लई जवळून गेलाय, मधला क्लॅम्प दिसत नाही. गाडी रिकामी उभी असताना चार बोटं अंतर आहे, शेळ्या भरल्यावर मागचं बसेल तेव्हा किती उरतंय बघा. घासला तर एका दिवसात भोक.

---

रानवाटा

आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. घासल्याची रेघ पडायला लागलीय! दोन क्लॅम्प मारून चेसीसच्या वरच्या अंगाला घेतला, त्यावर जुन्या बागेच्या पाइपचा तुकडा चिरून चढवला. फोटो उद्या टाकतो, आता अंधार पडलाय आणि एक शेळी पाना घेऊन पळालीय.